नकटीवाले भाऊसाहेब

भाऊसाहेब पोतनीस टीव्हीवर डिटेक्टिव्ह दिसला की आधी त्याचा चेहरा बघत नाहीत, खिसा बघतात. कोटाच्या खिशाला उजवीकडे जरासा झोळ असला की ते खुर्ची पुढं ओढतात आणि समाधानानं म्हणतात, "आहे. नकटी आहे याच्याजवळ." झोळ नसेल किंवा गड्याच्या कमरेला हातभर लांब नळीचं पिस्तूल लटकत असेल, तर रिमोट उचलून दुसरं काहीतरी लावतात. मग त्या बिचाऱ्यानं पुढं कितीही खून उघडकीला आणले तरी भाऊसाहेबांच्या लेखी तो बाद.

नकटी म्हणजे आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर. इंग्रजीत त्याला बसक्या नाकाचं म्हणतात असं त्यांनी कुठंतरी वाचलं आणि लगेच बारसं करून टाकलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, असं मी एकदा चिडवलं तर म्हणाले, "लग्नाचं पता नाही, बेटा. पण केस नकटीच सोडवते."

आम्ही मूळच्या सांगलीच्या. बँकेनं माझी बदली उज्जैनला केली, मी आईला घेऊन आले आणि नानाखेड्याच्या बसस्टँडमागच्या एका कॉलनीत राहिले. घरात आम्ही दोघीच. समोरच्या घरात भाऊसाहेब एकटे. त्यांचे पूर्वज इथल्या दरबारात खजिन्यावर होते म्हणे. खजिना गेला, आडनाव राहिलं. आणि राहिली ती त्यांची मराठी, जिच्यात अर्धं हिंदी असं विरघळलेलं असतं की वेगळं काढता येत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी "सामान उतरवून राहिले का? चहा बनवून राहिलोय मी" असं विचारलं, तेव्हा मला हसू आवरेना. आता मीसुद्धा फोनवर "येऊन राहिले" म्हणते आणि सांगलीची मावशी फोन ठेवते.

नकटीमागचं तत्त्वज्ञान मला त्याच आठवड्यात ऐकावं लागलं.

"मतलब काय, की लांब नळी असते दाखवायला. ज्याला धाक घालायचाय तो लांब ठेवतो. नकटी असते लपवायला. नकटीवाला चार लोकांत बसून चहा पिऊन राहिला तरी कोणाला पता नाही लागत."

"आणि वेळ आली तर?"

"वेळ येऊच नाही द्यायची. काढायची नाही. खिशात असू द्यायची."

हे 'काढायची नाही' त्यांच्या तोंडी दिवसातून दहादा येतं. दुसरं वाक्य 'मामला संगीन आहे'. नळाला पाणी आलं नाही, मामला संगीन. पोह्यांत शेव कमी पडली, मामला अधिकच संगीन.

डिटेक्टिव्हांची नावं त्यांना आठवत नाहीत आणि त्याची त्यांना गरजही वाटत नाही. ते त्यांना नात्यातल्या माणसांसारखं ओळखतात. एक 'जिनेवाला'. हा जुन्या, काळ्यापांढऱ्या सिनेमांतला. दर सिनेमात त्याला तीन मजले चढावे लागतात, मधल्या वळणावर दम लागतो, तो खिशात हात घालतो, आपल्याला वाटतं आता नकटी निघणार, आणि तो रुमाल काढून घाम पुसतो. भाऊसाहेब इथं दर वेळी टाळी वाजवतात. दुसरी 'पर्सवाली'. तिच्या पर्समध्ये किल्ल्या, चष्मा, पेपरमिंटच्या गोळ्या आणि तळाशी नकटी. गुन्हेगार समोर उभा असतो आणि बाई पर्स उपसत असते. शेवटी तो कंटाळून कबुली देतो. तिसरा 'मोजेवाला', एका हिंदी मालिकेतला इन्स्पेक्टर. तो नकटी मोज्यात खोचतो आणि बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं वाकत राहतो. भाऊसाहेबांना त्याच्या कमरेची फार काळजी वाटते.

पण या सगळ्यांत एक गोम आहे. डिटेक्टिव्हनं नकटी बाहेर काढली रे काढली, की भाऊसाहेब टीव्ही बंद करतात. "काढली. मग कसला डिटेक्टिव्ह?" असं म्हणून उठतात. आता नकटी निघते ती शेवटच्या दहा मिनिटांत. त्यामुळं आयुष्यभर डिटेक्टिव्ह बघून या माणसाला एकाही सिनेमातला खुनी माहीत नाही. मी विचारलं, "अहो, पण चोर कोण ते कळायला नको?" तर म्हणाले, "असेल कोणीतरी बिचारा."

त्यांची नोकरी कोणती होती हे ऐकल्यावर तर मी कपाळाला हातच लावला. भाऊसाहेब विजेच्या खात्यात होते आणि तारेवर आकडा टाकून वीज चोरणाऱ्यांना पकडणं हे त्यांचं काम. सबंध नोकरीत त्यांनी एकही आकडेवाला पकडला नाही. गल्लीच्या तोंडाशीच ते स्कूटरचा हॉर्न असा लांबलचक वाजवत, की ते दारात पोचेपर्यंत आकडा निघून पलंगाखाली गेलेला असे. मग ते पाणी मागत, मीटर बघत आणि "पुढच्या खेपेला बिना हॉर्नचा येईन हां" असं दरडावून निघून जात. कॉलनीचे सेक्रेटरी शर्माजी हा किस्सा दर समारंभात सांगतात. "पोतनीस साहब ने ज़िंदगी में एक चोर नहीं पकड़ा, और शौक देखो, जासूसी का!" सगळे हसतात आणि भाऊसाहेब सगळ्यांत मोठ्यानं हसतात.

शौक मात्र साधासुधा नव्हता. डिटेक्टिव्हला कोट हवा, कारण नकटीला खिसा हवा. उज्जैनच्या उन्हात लोकरीचा कोट घालणारा माणूस दुपारपर्यंतसुद्धा टिकायचा नाही. भाऊसाहेबांनी भैरवगढला जाऊन ठशांची छपाई केलेली सुती चादर आणली आणि टावर चौकातल्या शिंप्याकडून तिचा गुडघ्यापर्यंत येणारा कोट शिवून घेतला. लाल बुट्टे, घेराला हत्तींची रांग आणि पाठीवर दोन मोठे हत्ती समोरासमोर. हा कोट घालून ते गुप्तपणे पाळत ठेवायला निघत. बसस्टँडवर उतरलेला परका माणूससुद्धा वळून बघायचा. पण कोटाच्या आतल्या बाजूला एक भला मोठा खिसा होता आणि त्यावर भाऊसाहेबांचा जीव होता.

नकटीही होती. कार्तिक मेळ्यात घेतलेलं टिकल्या फोडायचं पिस्तूल. त्याची नळी लांब निघाली म्हणून त्यांनी स्वतः करवतीनं कापली. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो, तशी त्यांच्याकडेही होते. पाटावर पूर्वजांची गंजलेली कट्यार, नोकरीतला टेस्टर आणि पक्कड, शेजारी नकटी, आणि तिच्या शेजारी झेंडूचं फूल वाहिलेला टीव्हीचा रिमोट. एका वर्षी कुंकू रिमोटच्या फटीत गेलं आणि आवाज वाढायचं बटण अडकून बसलं. दसऱ्याच्या दिवशी जिनेवाल्याची धाप अख्ख्या कॉलनीनं ऐकली.

निवडणुका लागल्या की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. भाऊसाहेब नकटी नॅपकिनात गुंडाळून ठाण्यात गेले. हवालदार म्हणाला, "दादाजी, ये तो खिलौना है।"

"है तो है। आचारसंहिता सबके लिए है। रसीद दो।"

"घर ले जाइए। पोते को दे दीजिए।"

"पोता नहीं है," भाऊसाहेब म्हणाले. मग हवालदारानं त्यांना चहा पाजला आणि नकटीसह परत पाठवलं. ही हकिगत त्यांनीच मला हसत हसत सांगितली. मूलबाळ त्यांना नाही. पत्नी, कुमुदवहिनी, आम्ही इथं यायच्या आधीच गेल्या होत्या.

आता आईबद्दल सांगायला हवं. आईला विसर पडू लागला होता. आधी चष्मा, मग वार, मग आपण सांगली सोडली हेच. डॉक्टरांनी सांगितलं की हे हळूहळू वाढणार, एकटं ठेवू नका. मला बँक सुटत नव्हती. सकाळी आमच्याकडं आणि आणखी तीन घरी भांडी घासणारी लता असायची, पण दुपारी कुणी नव्हतं. भाऊसाहेब स्वतःहून म्हणाले, "मी येऊन बसत जाईन. तुमचा टीव्ही मोठा आहे न." मला वाटलं, बरं झालं, यांची टीव्हीची सोय झाली आणि माझी आईची.

त्या दोघांचं जमलं मात्र झकास. यांना शेवट बघायचा नसायचा आणि आईला सुरुवात आठवायची नाही. एकच सिनेमा दोघं आठवडाभर नव्यानं बघत. भाऊसाहेब रिमोटच्या तोंडाशी तोंड नेऊन मोठ्या अदबीनं "कृपया नकटीवाले लावा" असं सांगत आणि एकदा टीव्हीनं नाक सरळ करण्याचे व्यायाम लावले. मी घरी आले तर दोघं नाकं चिमटीत धरून बसलेली. आई त्यांना "भाऊ" म्हणायची, ते तिला "ताई". ती मधेच उठून विचारायची, "तुम्ही जेवलात का?" ते जेवलेले असले तरी "नाही" म्हणायचे.

आणि मग श्रावणात कॉलनीत भांडी नाहीशी होऊ लागली.

पहिली गेली शर्माभाभींची कटोरी. ओट्यावर उन्हात ठेवलेल्या भांड्यांच्या टोपलीतून. मग रेगेवहिनींची वाटी, मग कुणाचं फुलपात्र. सगळी स्टीलची, नाव घातलेली. कुणी फारसं मनावर घेतलं नसतं, पण खरी गंमत पुढं झाली. दोन दिवसांनी शर्माभाभींनी सकाळी दार उघडलं, तर उंबऱ्यावर त्यांची कटोरी. लख्ख घासलेली. आणि काठोकाठ लवंगी शेव भरलेली.

रेगेवहिनींची वाटी तशीच आली. फुलपात्रही. कॉलनीच्या ग्रुपवर दुसरा विषयच उरला नाही. चोर नेतो आणि वर शेव घालून परत देतो, हा कुठला चोर? रेगेवहिनींनी शेव कामवालीला दिली, शर्माजींनी खाल्ली आणि जाहीर केलं, "माल ताज़ा है।" मी बँकेत सांगितलं, तर कॅशियर म्हणाला, मॅडम, तुमच्या कॉलनीत फ्लॅट आहे का एखादा रिकामा?

अर्थात केस भाऊसाहेबांकडे गेली. त्यांच्या आयुष्यातली पहिली खरी केस. शर्माजींनी बागेत सभा घेऊन हात जोडून विनंती केली, अर्थातच चेष्टेनं, पण भाऊसाहेब हत्तींचा कोट घालून आले आणि गंभीरपणे म्हणाले, "मामला संगीन आहे." मग ते प्रत्येकाच्या ओट्यावर गुडघे टेकून बसले, टोपल्या हुंगल्या, शेव चाखली. पुन्हा चाखली. आठवड्यानं निष्कर्ष निघाला, की हे काम माकडाचं आहे.

"भाऊसाहेब," मी म्हटलं, "माकड वाटी घासून देतं?"

"काही माकडं सफाईपसंद असतात."

पुढल्या आठवड्यात मांजर. त्याच्या पुढल्या आठवड्यात वारा. लोक हसून हसून बेजार झाले, आणि सगळ्यांत जास्त मी. त्यांचा तपास जितका लांबला तितक्या माझ्या नकला रंगल्या. गणपतीत मी स्टेजवर चादर गुंडाळून त्यांचं सोंग काढलं आणि बक्षीस मिळवलं. पहिल्या रांगेत आई होती आणि तिच्या शेजारी भाऊसाहेब, डोळे पुसत हसत होते.

गणपती गेले आणि हसणं ओसरलं. रेगेवहिनींच्या घरातून चांदीचा चमचा गेला. स्टीलचं एक आणि चांदीचं एक. चमचा दुसऱ्याच दिवशी शेवेच्या पुडीसकट परत आला, पण वहिनींचं डोकं फिरलं होतं. त्या सभेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गंमत पुरे झाली. घरात आत येतं कोण? लता. चारी घरी काम कोण करतं? लता. धाडस वाढत चाललंय तिचं. तिचं काम सगळ्यांनी मिळून बंद करा."

लता सभेच्या कडेला उभी होती. तिच्या हातातला झाडू तिनं हळूच खाली ठेवला. "मैंने नहीं लिया," इतकंच म्हणाली. माना डोलू लागल्या होत्या. शर्माजी म्हणाले, चारही घरांचं काम आजपासून बंद, आणि गेटवरही सांगून ठेवू. गेटवर सांगितलं की आजूबाजूच्या कॉलन्यांचीही दारं बंद होतात, हे सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हा भाऊसाहेब उठले. कोट नीट केला आणि म्हणाले, "लताचा काही संबंध नाही. मीच नेऊन राहिलो होतो."

कुणाला कळेना. ते पुढं म्हणाले, "प्रात्यक्षिक होतं. मतलब, कॉलनी सावध आहे की नाही ते बघायचं होतं. नाही आहे."

एकच गलका झाला. रेगेवहिनी म्हणाल्या, "या वयात? आमच्या घरात शिरून?" शर्माजी म्हणाले, "पोतनीस साहब, हद है।" एकही चोर न पकडलेला माणूस स्वतःच चोर निघाला, हा विनोद त्याच संध्याकाळी ग्रुपवर आला. केस काढून घेतली गेली. लताचं काम टिकलं. घरी येताना मीही त्यांना सुनावलं, की भाऊसाहेब, खेळ कुठं थांबवायचा ते कळायला हवं, त्या पोरीच्या पोटावर पाय आला असता.

"बरोबर आहे तुमचं, बेटा," ते म्हणाले आणि आपल्या दाराचं कुलूप काढू लागले. किल्ली त्यांना लवकर लागेना.

त्यानंतर भाऊसाहेब रस्त्यानं जाऊ लागले की बायका टोपल्या आत घ्यायच्या. त्यांच्या देखत. भाऊसाहेब लांबूनच खाकरायचे, म्हणजे टोपल्या सावकाशीनं आत घेता याव्यात. नवरात्राचं बोलावणं त्यांना कुणी केलं नाही. ते दुपारी आमच्याकडे मात्र येत राहिले. मीही विचार केला, आईपुरतं ठीक आहे.

नवरात्राच्या मध्यावर मला ताप आला. रजा टाकली, गोळी घेतली आणि आतल्या खोलीत दार लोटून झोपले. मी घरी आहे हे आई सकाळीच विसरली होती. दुपारी जाग आली तेव्हा बाहेर जिनेवाल्याची धाप चालू होती. मग आईचा आवाज आला. जुन्या, ठणठणीत दिवसांतला वाटावा असा.

"ही बघा, भाऊ. सापडली आपली वाटी. शेजारी आमटी दिली होती, त्या बाई परत द्यायचं विसरल्या. मीच जाऊन घेऊन आले."

"बरं केलं, ताई," भाऊसाहेब म्हणाले. "बघू? हिच्यावर नाव आहे. शर्मा. ही त्यांची दिसून राहिली."

"त्यांची? मग आपल्याकडं कशी आली?" आईचा आवाज एकदम बारीक झाला. "मी उचलली का हो कुणाची?"

"छे छे. चुकून आली. भांडी येतात जातात. मी देऊन येतो."

"द्या हं. पण मोकळी देऊ नका. दुसऱ्याचं भांडं मोकळं परत देत नाहीत."

"नाही देणार. शेव आहे न माझ्याजवळ."

मी दाराच्या फटीतून बघितलं. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. ज्या खिशात नकटी असते असं आम्ही सगळे समजत होतो, त्यातून शेवेची पुडी निघाली. शर्माभाभींची कटोरी त्यांनी रुमालानं पुसली आणि त्याच खिशात सरकवली. हत्तींच्या कोटावर जरासा झोळ आला.

दुसऱ्याचं भांडं मोकळं परत देऊ नये. हे वाक्य ऐकत मी लहानाची मोठी झाले. सांगलीत आईनं मला साखरेची चिमूट तरी घालून वाट्या पोचवायला पाठवलेलं आहे. भरलेल्या वाट्या कॉलनीभर फिरत होत्या आणि मी स्टेजवर चादर गुंडाळून नाचत होते. मला रडू आलं. तोंडात पदर कोंबून मी तशीच पलंगावर बसून राहिले.

बाहेर आई विचारत होती, "तुम्ही जेवलात का?"

"नाही, ताई."

ती स्वयंपाकघरात गेली आणि त्यांच्यासाठी दहीपोहे कालवून घेऊन आली. ते दोन्ही हातांनी वाटी धरून, अगदी सावकाश जेवले. टीव्हीवर कुणीतरी ओरडलं, नकटी निघाली असावी, कारण टीव्ही बंद झाला. आई म्हणाली, "मग चोर कोण होता हो?"

"असेल कोणीतरी," भाऊसाहेब म्हणाले. "चांगला माणूस होता."

संध्याकाळी ते गेल्यावर मी उठून भांडी घासायला घेतली. दहीपोह्यांची वाटी हातात आली. जुनी, जाड काठाची, माझी नव्हे. उलटी करून बघितली. वळणदार अक्षरांत नाव घातलेलं होतं, सौ. कुमुद पोतनीस.

म्हणजे आईनं त्यांच्याही ओट्यावरून वाटी आणली होती. कुणास ठाऊक कधी. कॉलनीतली एकूण एक वाटी घरोघर पोचवणाऱ्या या माणसाचं स्वतःच्या वाटीकडं लक्ष गेलं नसेल? मला वाटलं, नसेल गेलं. आपण तरी ती रीतीनं परत करू.

खंडेनवमीला सकाळी मी कुमुदवहिनींच्या वाटीत बेसनाचे लाडू घालून समोर गेले. पाट मांडलेला होता. कट्यार, टेस्टर, पक्कड, रिमोट आणि हळदकुंकू वाहिलेली नकटी. भाऊसाहेब मला बघून उठले. मी वाटी पुढं केली, तसा त्यांचा हात अर्ध्यातच थांबला.

"मी घरी होते त्या दिवशी," मी म्हटलं. "आतल्या खोलीत. सगळं ऐकलं."

ते पाटावरचं झेंडूचं फूल सरळ करत राहिले.

"मी उद्या सगळ्यांना सांगणार आहे, भाऊसाहेब. दसऱ्याला सगळे जमतील तेव्हा. तुम्हाला लोक काय वाटेल ते बोलतात, टोपल्या आत घेतात. मला नाही सहन होत."

"आणि ताईंना?"

"तिला काय कळणार आहे?"

"त्या दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "मी उचलली का म्हणून विचारलं न त्यांनी? आवाज ऐकला न तुम्ही? उद्या त्या कोणाच्या दारासमोरून गेल्या आणि कोणी टोपली आत घेतली, तर कळेल. माझं काय आहे, मी खाकरून घेतो." मग नकटीवर बोट ठेवून म्हणाले, "काढायची नाही, बेटा. असू द्या खिशात."

मी वाटी पाटाजवळ ठेवली आणि म्हटलं, "निदान ही तरी घ्या. वहिनींची आहे."

"माझीच आहे. मला पहिल्याच दिवशी दिसली." ते वाटीकडं बघत होते. "कुमुद गेल्यावर मी वापरली नाही. ओट्यावर तशीच पडून राहायची. आपल्याच हातानं काय वाढून घ्यायचं त्यात? मग ताई घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, जेवलात का, आणि त्याच वाटीत दहीपोहे दिले." मग म्हणाले, "ही केस मी नाही सोडवून राहिलो. राहू द्या तिला तिथेच."

लाडू त्यांनी ताटलीत काढून घेतले. वाटी घासली, पुसली आणि मला परत देता देता थांबले. खिशातून पुडी काढून चिमूटभर शेव तिच्यात घातली.

घरी आले तर आई जागीच होती. "कुठं गेली होतीस?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आपली वाटी राहिली होती शेजारी, ती आणली. तिनं ती हातात घेतली, आतली शेव बघितली आणि म्हणाली, "चांगली माणसं आहेत." मग मी मांडणीवरच्या आमच्या सगळ्या वाट्या मागं सरकवल्या आणि कुमुदवहिनींची वाटी, दुपारी आईच्या हाताला पहिली लागेल अशी, पुढं ठेवली.